मिटून न पाहिलेला हात

पवनार,
९ नोव्हेंबर १९७९

चि. चंद्रभान,

माझं अक्षर पाहिलं की तू पत्र न वाचता चुलीत टाकशील, म्हणून पाकिटावर पत्ता तुझ्या भाऊजींच्या हातचा घेतला आहे. आत मी आहे. आता फोडलंच आहेस तर वाच.

तुझा ठावठिकाणा सुलोचनाच्या मावसभावाने दिला. ताईला सांगायचं नाही अशी तू त्याला शपथ घातली होतीस म्हणे. दोन महिने तो शपथेला जागला. मग त्याचा खांदा निखळला आणि तो माझ्याच ओट्यावर येऊन बसला. मी आधी पत्ता विचारला, मग खांदा बसवला.

तू बल्लारशाला लाकडाच्या डेपोवर राखणदार आहेस, दोन खोल्या आहेत, सुलोचना बरी आहे, एवढं कळलं. आठ वर्षांत एवढंच कळलं, तेही दुसऱ्याचा खांदा धरून.

इकडे सगळं ठीक. बाबांच्या मागे हाडं बसवण्याचं काम मी चालवते आहे. नेम बाबांचेच. कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि दारी आलेल्याला परत लावायचं नाही. भिंतही तीच. पट्टी सुटली की माणूस परातीतल्या गेरूत पंजा बुडवतो आणि भिंतीवर उमटवतो. पाचही बोटं सरळ उठली की हात बरा झाला असं मी म्हणते आणि नारळ फुटतो. ओसरीच्या भिंतीवर आता जागा उरली नाही, पंजे ओट्याकडे वळले आहेत.

तुझा पंजाही आहे, खिडकीखाली. काल परत पाहिला. एकूण एक बोट सरळ. तेव्हा माझा हात ताईने बिघडवला असं तू तिकडे सांगत असशील तर आधी त्या भिंतीला विचार. कासरा हाताला गुंडाळून गोऱ्ह्याला धरायला मी सांगितलं नव्हतं. गोऱ्हा उधळला, हाताला पीळ बसला, पंजाचं हाड मोडलं. मी ते बसवलं आणि बांधलं. पुढे वेळेआधी पट्टी कुणी सोडली ते गावाला ठाऊक आहे. हा विषय काढायचा नाही असं ठरवून बसले होते, पण निघाला.

तुझ्या कपिलेची नात परवा व्याली. होय, कपिलेची. तू चार गाई विकल्यास, त्यातली ती मी भाऊजींच्या मागे लागून सेलूच्या बाजारातून फिरवून आणली होती. तुला कळवलं नव्हतं. नात अगदी तिच्या वळणाची आहे, पांढरी, गवळाऊ जातीची, आणि तशीच नाठाळ. भाऊजींना दोनदा पाडलं तिने.

आता एकच विचारते. उजवी मूठ वळून पाहा. करंगळीशेजारचं बोट कुठे जातं? मधल्या बोटाखाली शिरतं का? एका ओळीत कळव. का विचारते ते विचारू नकोस.

तुझी थोरली बहीण,
मनकर्णा


पवनार,
२१ जानेवारी १९८०

चि. चंद्रभान,

उत्तर नाही. बरोबर आहे. मीही दिलं नसतं. पण आपण एकाच आईची लेकरं, तू गप्प बसण्यात पटाईत असशील तर मी बोलण्यात आहे.

का विचारलं ते आता सांगते. दिवाळीच्या सुमारास पिपरी मेघेचा लहानू माझ्याकडे आला होता. सायकलवरून पडला, उजव्या पंजाचं हाड मोडलं. मी नेहमीसारखं ओढून बसवलं, तळहात सरळ ठेवून बांबूच्या कामट्या लावल्या, कापडाने बांधलं. पाचव्या दिवशी त्याच्या सासरच्यांनी त्याला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरने माझी पट्टी कापली, असं कानावर आलं. मनकर्णाची पट्टी कापली. तुला माहीत आहे मी काय केलं असेल. कामट्यांची पिशवी घेतली आणि पहिली बस धरली.

डॉक्टरचं नाव प्रभाकरराव. नागपूरकडचा, चाळिशीच्या आतला, किडकिडीत. मी दारातूनच सुरू केलं. त्याने मला पुरतं बोलू दिलं, एका स्टुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला की बांधणी सुरेख होती, कुठे काचलं नाही, कुठे सूज नाही, असं बांधणारं माणूस मला इथे मिळालं तर बरं होईल. भांडायला गेलेल्या माणसाला असं म्हणणं म्हणजे पायाखालचा पाटच काढून घेणं. मी बसले.

मग त्याने विचारलं, “बाई, तुम्ही मूठ मिटवून पाहिली होती का?”

मी म्हटलं, आमच्याकडे पंजा उमटवून पाहतात. त्याने माझाच उजवा हात धरला आणि मूठ वळायला लावली. म्हणाला, आता नखांकडे पाहा, चारही बोटं कुठे बघतात? चंद्रभान, पन्नाशीला आले, हजार हात हातात घेतले, पण हे कधी पाहिलं नव्हतं. चारही बोटं एकाच जागेकडे बघतात, अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ. तूही बघ, डाव्या हाताचं बघ.

मग लहानूचा हात घेतला. दुखणाऱ्या हाताने मूठ कशी वळणार? त्याला एक युक्ती आहे. मनगट हलकेच मागे कलंडवायचं, बोटं आपली आपण मिटत येतात. लहानूची तीन बोटं नीट आली आणि चौथं शेजारच्या बोटाखाली शिरलं. हाड जुळलं होतं, पण आतल्या आत थोडंसं वळून जुळलं होतं. डॉक्टर म्हणाला, हाताच्या मुळाशी जवभर वळलं की बोटाच्या टोकाशी एक अख्खं बोट ओलांडून जातं, आणि हात सरळ ठेवला तर यातलं काही म्हणजे काही दिसत नाही.

सरळ हातात सगळीच बोटं सरळ.

पाचच दिवस झाले होते म्हणून त्याला ते ओढून फिरवता आलं. प्लास्टर घातलं तेही बोटांच्या मुळाचे सांधे वाकवून. मी म्हटलं, असा वाकडा हात कुणी बांधतं का? तो म्हणाला, सरळ बांधला तर ते सांधे आखडतात आणि मूठ वळायची विसरतात. मला पटलं नाही. डिसेंबरात लहानूचं प्लास्टर निघालं, पंधरा दिवसांत तो सायकलचं हँडल धरून माझ्या दारात उभा. तेव्हा पटलं.

घरी येऊन मी भिंतीसमोर उभी राहिले. मग गावात निघाले. ज्यांचे ज्यांचे पंजे भिंतीवर आहेत त्यांच्या घरी जायचं आणि म्हणायचं, मूठ वळ. लोकांना वाटलं म्हातारी मारामारीला आली. एकोणीस हात पाहिले. सोळा चांगले. तीन वाकडे, आणि त्यातलं एक बोट भैयाजीचं, तीस वर्षांपूर्वी बाबांनी स्वतः बसवलेलं. बाबांनी, चंद्रभान. मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीत?

भैयाजी म्हणाला, “मले वाटलं मोडलेला हात असाच होते.”

तुझा हात त्या एकोणिसात धरलेला नाही. तू पट्टी आधी सोडली होतीस, ती गोष्ट वेगळी. पण मूठ वळून कळव.

मनकर्णा


पवनार,
३ जुलै १९८०

चंद्रभान,

तुझं कार्ड मिळालं. डाव्या हाताने लिहिलेलं आहे हे पोस्टमनलाही कळलं. तीनच ओळी आहेत आणि मला त्या पाठ झाल्या आहेत, तरी परत इथे उतरवते, म्हणजे मला टाळता येणार नाहीत.

“मूठ वळली असती त पयली बुक्की तुह्या पाठीत घातली असती. पट्टी म्या सोडली नवती. हे तुले मालूम आहे, गावाले मालूम नाई.”

मालूम आहे.

कार्ड येऊन तीन आठवडे झाले. तीन वेळा पत्र लिहायला बसले आणि तिन्ही वेळा गाईच्या गोष्टी लिहून फाडून टाकलं. आज सरळ लिहिते.

तुझी पट्टी मीच सोडली, ठरलेल्या दिवशी, ओट्यावर. वीस माणसं जमली होती. बाबांना जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि बाईच्या हाताने हाड बसतं का हे पाहायलाच निम्मी आली होती. तू पंजा बुडवला, भिंतीवर ठेवला, पाची बोटं सरळ उठली. लोक वा म्हणाले. मी नारळ तुझ्यापुढे केला आणि तू तो धरायला हात मिटलास. करंगळीशेजारचं बोट मधल्याखाली गेलं. मी पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, आखडलंय, तेल लाव, सुटेल. आणि नारळ तुझ्या डाव्या हातात दिला.

ते सुटणार नाही हे मला त्याच क्षणी कळलं होतं. कशामुळे ते कळलं नव्हतं, पण सुटणार नाही हे कळलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. दूध काढायला मूठ लागते, एकामागून एक बोट मिटावं लागतं. तुझी बोटं एकमेकांत अडकायची, गाय लाथ मारायची, दूध चोरायची. कपिला तुझ्याशिवाय कुणाला उभी राहत नव्हती, ती तुलाही राहीना. लोक विचारायला लागले, मनकर्णाबाई, भावाचा हात असा कसा? मी म्हटलं, त्याला दम कुठला, गाईसाठी त्याने पट्टीच आधी सोडली. एकदा म्हटलं. मग ते गावभर झालं आणि मी होऊ दिलं. तुझा हात गेला तो माझ्या अडाणीपणाने, त्याची लाज आहे पण ती पोटात घालता येते. तुझं नाव गेलं ते माझ्या तोंडाने. आठ वर्षं तू बल्लारशाला राहतोस ते हातामुळे नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

मी चुकले. मी खोटं बोलले. मला माफ कर, किंवा करू नकोस, पण मी हे लिहिलं आहे आणि खाली सही करते आहे.

आता दुसरं. तुझं कार्ड मी डॉक्टरला दाखवलं. लाज वाटली, तरी दाखवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी आता त्याच्या प्लास्टरच्या खोलीत जाते. ओढायला, धरायला, पट्ट्या भिजवायला. बोटाने चाचपून मोड कुठे आहे ते मी हाडाचा फोटो येण्याआधी सांगते, आणि तो फोटोत पाहून हसतो. कार्ड वाचून तो म्हणाला की नऊ वर्षांचं जुनं हाडही कापून फिरवता येतं, पुन्हा तारेने जोडता येतं. हात आधी पाहावा लागेल, खात्री देत नाही म्हणाला. पण होऊ शकतं, चंद्रभान. होऊ शकतं.

ये.

मनकर्णा


पवनार,
२८ नोव्हेंबर १९८०

चि. चंद्रभान,

तू आला नाहीस. मी चार महिने वाट पाहिली आणि मग कार्डाची तिसरी ओळ परत वाचली. गावाले मालूम नाई. मी तुला पत्रात कबूल केलं, पाकिटात घालून, चिकटवून. म्हातारी झाले तरी लबाडी जात नाही.

तर ऐक. या महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर आरती झाली, खंजिरीवाले अजून उठायचे होते, साठसत्तर माणसं होती. मी उभी राहिले. तुझे भाऊजी लुगड्याचा काठ धरून खाली ओढत होते. मी काठ सोडवला आणि म्हटलं, “चंद्रभाननं पट्टी सोडली नवती. हाड म्या वाकडं बसवलं, अन् खोटंही म्याच बोलली. नऊ वर्सं तुमी त्याले नावं ठेवली, ते माह्या पायी.”

पुढे काय बोलायचं ते पाठ केलं होतं, सगळं विसरले. खंजिरीवाल्याने खंजिरी मांडीवरून खाली ठेवली. मग मागून भैयाजीचा आवाज आला, “मंग माह्या बोटाचं काय?”

मी म्हटलं, तुमचं बोट बाबांनी वाकडं बसवलं. स्वतःची चूक सांगणं सोपं होतं रे, बाबांची सांगणं जड गेलं. पण भिंतीवरचा पंजा बघून बरं झालं म्हणायची रीत बाबांची, आणि तीच खोटी निघाली, मग बाबांना बाजूला कसं ठेवू?

पंधरा दिवस ओट्यावर कुणी आलं नाही. आपलं दार आजवर असं कधी राहिलं नव्हतं. लोक सिंदी मेघेला कुणाकडे तरी जायला लागले. भाऊजी म्हणाले, झालं तुझं समाधान? मी भांडले नाही, यावरून ओळख. दिवसभर ओट्यावर बसून कामट्या तासत राहिले, तासून तासून काड्या झाल्या.

सोळाव्या दिवशी पाटलांची आनंदाबाई आली, हात सुजलेला, विहिरीवर घसरली होती. मी विचारलं, माझ्याकडे कशी आलीस? ती म्हणाली, “तुले आता चूक ओळखू येते, म्हनून आली.” मी तिचं मनगट मागे कलंडवलं, चारही बोटं एका जागेकडे वळली, तेव्हाच बांधलं, बोटांचे सांधे वाकवून. आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन फोटो काढायला दवाखान्यात गेले. आता असंच करते.

ओसरीच्या भिंतीवर हात उमटवणं बंद केलं आहे. पुसल्या नाहीत खुणा, तशाच ठेवल्या. पण नारळ आता मूठ पाहून फुटतो.

गावाले मालूम झालं. सुलोचनाच्या मावसभावाला विचार, तो पारावर होता, खोटं वाटत असेल तर.

दवाखान्याचा वार मंगळवार. सकाळी आठच्या आत नाव लागतं. मी दारात असेन.

मनकर्णा


पवनार,
२ मार्च १९८१

चि. चंद्रभान,

दवाखान्यात तू नऊ दिवस होतास आणि नऊ दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस. काय सांगायचं ते सुलोचनाला सांगायचास, मी उशाशी उभी असताना. तिला सांग, पाणी दे. तिला सांग, पडदा ओढ. ती बिचारी मध्ये उभी राहून दोन्हीकडे मान हलवायची. मला राग आला नाही. तू आलास, मंगळवारी साडेसातला फाटकात उभा होतास, मला तेवढं वर्षभर पुरेल.

तू भूल घेऊन पडला होतास तेव्हाचं तुला माहीत नाही, म्हणून सांगते. मला आत घेत नाहीत, पण डॉक्टरने बाहेर येऊन सगळं सांगितलं. हाड मुळाशी कापलं, जरासं फिरवलं. किती फिरवायचं हे कसं ठरवलं? तुझं मनगट मागे कलंडवून. बधिर हातातही बोटं मिटतात. पहिल्यांदा फिरवलं तर बोट थोडं पलीकडे गेलं, परत अलीकडे आणलं, तिसऱ्यांदा चारही नखं एका जागेकडे वळली. मग दोन तारा घातल्या. हे सांगताना तो माझ्यापुढे स्वतःची मूठ वळून दाखवत होता, आणि मला सगळ्यांदेखत रडू आलं. तिथल्या शकुंतलाबाई नर्सने मला बाकावर बसवलं आणि मलाच विचारलं, पेशंट कोण?

आता तू रजा नाही म्हणून प्लास्टर घेऊन बल्लारशाला गेलास, तर माझं ऐक. हात खाली लोंबकळू द्यायचा नाही. प्लास्टर भिजवायचं नाही. बाहेर दिसणारी बोटांची टोकं तासातासाला हलवायची. लाकडाचा एक ओंडका उचललास असं कानावर आलं तर मी येऊन डेपोच्या फाटकावर बसेन. आणि आतून वाटलं की जरा सोडून बघावं, तर सोडायचं नाही. हे लिहिताना मला हसू आलं. तुलाही आलं असेल, पण तू कबूल करणार नाहीस.

तारा काढायला २४ तारखेला ये. त्यानंतर सुलोचनाने रोज कणकेचा गोळा द्यायचा आणि तू तो दाबायचा. दुखेल. दुखलं तर माझ्या नावाने दाब.

मनकर्णा


पवनार,
१७ मे १९८१

चंद्रभान,

तू आज दुपारच्या बसने गेलास. आठवड्यात सामान घेऊन येणारच आहेस, मग पत्र कशाला, असं भाऊजी म्हणतात. पण तू पळालास, आणि मागे काय झालं ते तू पाहिलं नाहीस. म्हणून बसले.

सकाळपासूनचं लिहिते. तू गोठ्यात गेलास तेव्हा मी आत आले नाही, तुला वाटलं मी झोपले आहे. मी कुडाच्या मागे उभी होते. कपिलेच्या नातीने आधी पाय आपटला, तो ऐकला. तू तिला काहीतरी पुटपुटलास. मग रिकाम्या चरवीत पहिली धार पडली, ती वाजली. दुसरी, तिसरी. मग एका लयीत, आणि हळूहळू आवाज जाड होत गेला, फेसात पडणाऱ्या धारेचा होतो तसा. नऊ वर्षं आणि सात महिने, चंद्रभान. मी कुडाला डोकं टेकून उभी होते. पाय हलवला नाही, गाय बुजेल म्हणून.

तू चरवी घेऊन बाहेर आलास, मला पाहिलंस. चरवी माझ्या हातात दिलीस. उजव्या हाताने.

मग दुपारी तू बस गाठायला निघालास. ओसरीवर भैयाजी होता, आनंदाबाई होती, लहानू पिपरी मेघेहून सायकलवर आला होता, सगळ्यांना तुझी मूठ पाहायची होती. तू सुलोचनाला म्हणालास, तिला सांग, गेरू कालव. मी म्हटलं, पंजा उमटवणं बंद केलं आहे, चंद्रभान. तू म्हणालास, तिला सांग, पंजा कोण उमटवून राह्यला?

मी गेरू कालवला. तू मूठ वळलीस. भैयाजीने तुझी मूठ हातात घेऊन चार नखं मोजली आणि चष्मा पुसून परत मोजली. मग तू मूठ गेरूत दाबलीस आणि खिडकीखाली, त्या जुन्या सरळ पंजाच्या शेजारी, भिंतीवर टेकवलीस. लोक वा म्हणाले. मी नारळ उचलायला वाकले.

आणि तू माझ्या पाठीत बुक्की घातलीस.

हळू नाही घातलीस. लहानपणी आंब्यावरून घालायचास तशी, सगळं अंग मागे घेऊन. मी नारळासकट पुढे गेले. वळून पाहते तर तू अंगणाबाहेर, पिशवी काखेत, आणि हसतो आहेस. म्हणालास, “ताई, वळली बरं मूठ.” आणि बसकडे पळालास. सुलोचना तोंडाला पदर लावून तुझ्या मागे.

ताई म्हणालास. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सुलोचनाला न सांगता, मला.

आता तू न पाहिलेलं. मी पाठ चोळत आत जायला लागले तर आनंदाबाईने मला धरलं आणि म्हणाली, थांब, तुह्या पाठीवर पाह्य काय उमटलं ते. मला माझी पाठ कशी दिसणार? भाऊजींनी आरसा आणला, भैयाजीने दुसरा धरला, तेव्हा दिसलं. पिवळ्या लुगड्यावर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, गेरूचे चार ठसे. चारही एका ओळीत. एकही पुढे नाही, एकही मागे नाही, एकही दुसऱ्याच्या खाली गेलेला नाही. मी भिंतीवरची मूठ पाहिली होती, पण भिंत आपली आहे, ती आजवर आपल्याला हवं तेच सांगत आली. पाठीवरची मात्र खरी होती, दुखत होती.

मग मी पदर पुढे घेतला, पाठीवरचे ठसे दिसते ठेवले आणि गावात गेले. मारुतीच्या पारावरून, दुकानावरून, बस थांब्यावरून. कुणी काही विचारायच्या आधीच सांगायची, माझ्या भावाच्या हाताचं काम आहे. लोकांना वाटलं म्हातारीला लागलं डोक्याला. उद्या मंगळवार नाही तरी दवाखान्यात जाणार आहे. डॉक्टरने तुला तीन महिने काही ठोकायची मनाई केली होती हे मला आठवतं. तो रागावेल, मग वाकून बघेल, आणि मग स्वतःच्या मुठीशी ताडून बघेल, पैज लावते.

पाठ अजून दुखते आहे. ताठ बसून लिहिते आहे म्हणून अक्षर बरं आलं आहे.

लुगडं धुतलेलं नाही. भाऊजी विचारतात कधी धुणार. मी म्हटलं, तो येऊ दे, त्याला दाखवते, मग धुईन.

तुझी ताई